वावर आहे, करणारे हात नाहीत: वर्धा जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातलं एक कोरडवाहू गाव, त्यातलं एक घर आणि त्या घराची दहा एकर जमीन, एवढंच हे प्रकरण. घराचं नाव देत नाही, घरातल्यांना इथे काका, काकू, मोठा आणि धाकटा असंच म्हणतो. घडलं असं की २०२५ च्या पाडव्याला काकांनी दहापैकी सहा एकर वावर मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, देऊन टाकलं. ज्या घरानं तीन पिढ्यांत कधी एक फणही दुसऱ्याच्या हातून फिरू दिला नाही त्या घरानं हे केलं, आणि कर्ज डोक्यावर बसलं म्हणून नाही, पाणी आटलं म्हणूनही नाही. काकांचं म्हणणं एवढंच, "आमच्या टायमाले घरात खानारे लय होते, आता वावरात जानारं कोनी नाई." लोकसंख्येची वयरचना बदलली की अर्थव्यवस्थेचं काय होतं हा विषय टीव्हीवर फार मोठमोठ्या आकड्यांत येतो, मला तो या एका वाक्यात जास्त नीट समजतो म्हणून हे लिहितोय.

आधी घराची वयं बघा. काका सहा भावंडांतले. काकांना तीन लेकरं, सगळ्यात मोठी मुलगी, मग दोन मुलं. मोठ्या मुलाला एकच मुलगी, ती पुण्यात. म्हणजे सहा, तीन, एक. १९९० साली या घरात आजा-आजी, काका-काकू आणि तीन लहान लेकरं अशी सात माणसं होती, पूर्ण ताकदीनं कमावणारे हात दोघांचेच, बाकी सगळे खाणारे. २००८ ला चित्र एकदम उलटं, आजा-आजी गेलेले, काका पन्नाशीत, काकू पंचेचाळिशीच्या पुढे, मुलगी लग्नाची, मोठा तेवीसचा, धाकटा अठराचा. सगळे कामाचे, आणि सांभाळायचं असं घरात कोणीच नाही. आज काका अडुसष्टचे, काकू त्रेसष्टच्या, घरी फक्त धाकटा, तो पस्तीसचा आणि अजून लग्न नाही. उघड्या डोळ्यांनी दिसतंय की मधली दहाएक वर्षं, साधारण २००३ ते २०१३, या घरासाठी सगळ्यात चांगली असायला पाहिजे होती.

देशाच्या पातळीवर यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. जन्म कमी होतात, लेकरांवरचा खर्च घटतो, म्हातारे अजून फार नसतात, कमावत्या वयातली माणसं भरपूर असतात, घरात पैसा शिल्लक पडतो, तो बँकेत जातो, त्यातून कारखाने उभे राहतात आणि त्याच तरुण हातांना तिथे काम मिळतं. ब्लूम आणि विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं होतं की पूर्व आशियाची जी झपाट्यानं वाढ झाली त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग या वयरचनेच्या बदलानं समजावता येतो. भारताबद्दल २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटलंय की २० ते ५९ वयाच्या लोकांचा वाटा २०४१ च्या आसपास ५९ टक्क्यांवर जाऊन शिखर गाठेल. त्यामुळे सगळे म्हणतात की अजून वेळ आहे. पण हे अख्ख्या देशाचं सरासरी गणित झालं, बिहार आणि महाराष्ट्र एकाच वयात नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बिहारमध्ये एका बाईमागे सरासरी ३ लेकरं, देशात २ आणि महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या टिकून राहायला २.१ लागतात. म्हणजे आपलं राज्य त्या रेषेच्या चांगलंच खाली गेलंय. आणि वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत जेमतेम ५ टक्के वाढली, भंडाऱ्याची पण पावणेसहाच्या आत, त्याच काळात राज्याची १६ टक्के. आपल्याकडची ही लाभांशाची खिडकी, म्हणजे कमावते हात जास्त असण्याचा काळ, २०४१ ला शिखरावर वगैरे जाणार नाहीये, ती बऱ्याच गावांत बंद होत आलीये.

जन्म कमी का झाले यावर गावात चारचौघांत बोलताना लोक महागाईवर खापर फोडतात, ते काही अंशी खरंही आहे, पण त्याआधी एक गोष्ट झाली, लेकरं जगायला लागली. काकूंच्या सासूबाईंची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, त्यामुळे त्या पिढीत सहा-सात होऊ देणं हा हिशेबाचाच भाग होता. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत उभी केली, त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, पुढे तीच पद्धत आशा ताईंच्या कामात देशभर गेली. महाराष्ट्राचा बालमृत्यू दर २०२० मध्ये हजारी १६ वर आला. लेकरू जगणार याची खात्री पटली की बाई दोनवर थांबते. काकूंनी तिसऱ्यानंतर ऑपरेशन करून घेतलं, सुनेनं एकीवरच. शिवाय २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही हा नियमही आहेच, पण माझ्या मते तो नसता तरी फार फरक पडला नसता, बायांनी आधीच ठरवलेलं होतं. हे सगळं चांगलंच झालं, यात कुणीही वाईट मानायचं कारण नाही. प्रश्न आहे तो त्यानंतर काय केलं याचा.

तर या घराची ती चांगली दहा वर्षं कुठे गेली? इथेच या प्रकरणाचं खरं मर्म आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. २००२ ला बीटी कापूस आला, सुरुवातीला बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, पण बियाणं, खत सगळं विकत आणि कोरडवाहू जमिनीत सगळं पावसाच्या भरवशावर. २००६ ला तर पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धाही होता, म्हणजे परिस्थिती किती बिकट होती ते समजा. मग २००८ ची कर्जमाफी, तिच्यात दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ, त्याच्या वरच्याला साधारण २५ टक्के सूट आणि तीही उरलेली रक्कम आधी भरली तर. काकांचे दहा एकर म्हणजे चार हेक्टर. पश्चिमेकडच्या बागायती पट्ट्यात चार हेक्टरवाला मोठा शेतकरी असेल, इथे कोरडवाहूत दहा एकरवाल्याच्या हातात वर्षाअखेरी काय उरतं ते इथल्या कुणालाही विचारा. काका बाहेर राहिले. त्याच वर्षांत मुलीचं लग्न, मोठ्याचा डिप्लोमा, त्याची फी आणि नागपूरला खोलीचं भाडं, आणि एक बोअर जी कोरडी गेली. घरात चार धडधाकट माणसं राबत होती आणि शिल्लक शून्य. वयरचना त्यांच्या बाजूनं होती, बाजारभाव आणि पाऊस नव्हते, आणि वयरचना एकटी पैसा पाडत नाही हे मला या घरानं शिकवलं.

मोठा डिप्लोमा करून आधी बुटीबोरीत कंत्राटी लागला, मग पुण्याकडे चाकणला गेला, आता तिथेच आहे. मुलगा चांगला आहे, आईबापाला विसरलेला नाही, दिवाळीला येतो, बापाच्या औषधांचे पैसे पाठवतो. पण फ्लॅटचा हप्ता, मुलीची शाळा, येण्याजाण्याचा खर्च, यातून तो गावाकडे पाठवून पाठवून किती पाठवणार. हिशेब असा बघा की त्याला तेवीस वर्षं वाढवायचा, शिकवायचा, आजारपणाचा खर्च या दहा एकरानं केला आणि त्याच्या कमाईची वर्षं, त्याचा कर, त्याचा किराणा, त्याचं घरभाडं सगळं पुणे जिल्ह्याच्या खात्यात पडतंय. देशाच्या आकड्यात तो लाभांशात मोजला जातोय, बरोबरच आहे, त्याचं उत्पादन वाढलंय, शेतात बसला असता तर एवढं काही केलं नसतं. पण गावाच्या खात्यात त्याच व्यवहाराची फक्त खर्चाची बाजू राहिली. जन्म कमी झाल्यानं गाव जेवढं म्हातारं झालं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते अशा जाण्यानं झालंय. राज्यात साठीच्या वरचे २०११ ला ९.९ टक्के होते, आमच्या गावात कोणत्याही पारावर जाऊन बसा, दर चार-पाच माणसांत एक तरी साठीचा भेटतोच.

आता कापसाकडे येतो, कारण वयाचा हिशेब वावरात सगळ्यात आधी वेचणीला दिसतो. सहा एकर कोरडवाहू कापूस, एकरी पाच क्विंटल धरा, तीस क्विंटल झाला. एक बाई भर हंगामात दिवसाला तीसेक किलो वेचते, शेवटच्या वेच्याला पंधरा-वीसच. म्हणजे तीन हजार किलोला कमीत कमी शंभर रोज, म्हणजे शंभर बायांचं एकेका दिवसाचं काम, लागतात, आणि ते तेव्हाच लागतात जेव्हा अख्ख्या शिवाराला लागतात. वेळेवर बाया नाही मिळाल्या तर बोंडं लोंबतात, कापूस खाली पडतो, एखादा अवकाळी आला की पिवळा पडतो आणि खरेदीवर भाव कापतात. वेचणीचा दर किलोला दहा-बारा रुपयांवर गेलाय, म्हणजे क्विंटलला हजार-बाराशे. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव होता ७५२१, त्यातला सातवा हिस्सा तर नुसत्या वेचणीतच गेला, त्यावर वाहन पाठवा, बाहेरगावच्या बाया आणायच्या तर मेटॅडोरचं भाडं वेगळं. सालगडी आता लाखाच्या वर मागतो आणि तरी मिळत नाही, पाडव्याला करार करून पोळ्यापर्यंत टिकला तरी नशीब. हंगामात मध्य प्रदेशातून, मेळघाटातून मजूर येतात, आणि इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया त्याच महिन्यांत तेलंगणात मिरची तोडायला जातात कारण तिथे मजुरी बरी.

पण हे सांगताना फक्त शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बोलू नये असं मला मनापासून वाटतं. मजुरी वाढली हे त्या बायांसाठी चांगलंच आहे, कितीतरी वर्षं त्यांना फार कमी पैशात राबवलं गेलं. काकूंच्या वावरात येणारी एक मावशी आहे, स्वतःच साठीच्या पुढची, कंबर वाकलेली, तरी ओटी बांधून कापसाच्या ओळीला उभी राहते, पाटीवर पाटी टाकते. तिच्या सुना येत नाहीत, एक शहरात धुणीभांडी करते, दुसरी शिवणकाम. म्हणजे शेतमजुरीत नवीन पिढी यायचीच बंद झालीये आणि आज जो कापूस वेचला जातोय तो पन्नाशी-साठीतल्या हातांनी वेचला जातोय. अजून दहा वर्षांनी काय, हा प्रश्न गावात सगळ्यांना माहितीये आणि कुणीच मोठ्यानं विचारत नाही. देशात २०२३-२४ ला शेतीत अजून सुमारे ४६ टक्के कामगार होते असं सरकारी श्रमबल सर्वेक्षण सांगतं, आकडा खरा आहे, पण त्यातली किती माणसं दिवसभर ओणवं राहू शकतात हे त्या आकड्यात येत नाही.

मग धाकटा काय करतो? तो बारावी करून पोलीस भरतीच्या मागे लागला होता. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं विदर्भात प्रत्येक तालुक्याला दिसतील. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज १७ लाखांच्या वर, म्हणजे शंभरात एक. धाकट्याचं वय निघून गेलं. आता तो शेती बघतो, ट्रॅक्टर चालवतो, फवारणी करतो, बापाला तालुक्याला दवाखान्यात नेतो. एकाच गावात मजूर मिळत नाही अन् पोरं रिकामी फिरतात याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, पोरं आळशी झाली म्हणतात. मला हे पटत नाही. ज्या मुलाला पंधरा वर्षं शाळेत बसवून सांगितलं की शिकलास तर वावरातून सुटशील, तो किलोला दहा रुपयांवर कापूस वेचायला कसा जाईल, आणि ज्या कामासाठी शिकवलं ते काम तर इथे उभंच केलं नाही आपण.

त्याच्या लग्नाचं तर फारच अवघड आहे. मुलगी मिळत नाही हे आता विदर्भातल्या प्रत्येक शेतकरी घराचं दुखणं आहे. लोक मुलींना नावं ठेवतात, त्यांना नोकरीवालाच पाहिजे म्हणतात. मुलींनी तसं मागणं बरोबरच आहे, त्यांनी आईला निंदताना, वेचताना पाहिलंय. पण यात वयाचंही एक गणित आहे जे फार कुणी सांगत नाही. आपल्याकडे मुलगा स्वतःपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान मुलगी बघतो. जन्म जेव्हा दरवर्षी कमी होत जातात तेव्हा चार-पाच वर्षांनी लहान असलेली पिढीच मुळात छोटी असते. १९९० ला जन्मलेल्या मुलांसाठी १९९४-९५ च्या मुली आधीच कमी. त्यात गर्भातच मुली मारल्या गेल्या त्या वेगळ्या, २०११ ला महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ च मुली होत्या, त्या मुली आता लग्नाच्या वयाला येताहेत, म्हणजे पुढची काही वर्षं अजून कठीण. आणि हा खाजगी दुःखाचा विषय आहे म्हणून सोडून द्यायचा नाही. ज्या घरात सून नाही तिथे म्हाताऱ्यांना बघणारं माणूस नाही, पुढची पिढी नाही, आणि त्या जमिनीत ठिबक किंवा विहीर करायला पैसा घालावा असं धाकट्याला वाटतच नाही. "कोनासाठी करू?" एवढंच म्हणतो.

म्हातारपणाचा आधार म्हणावा तर योजना पुष्कळ आहेत आणि काका प्रत्येकीच्या उंबरठ्यावर अडकलेत. श्रावणबाळ योजनेत ६५ च्या वर महिन्याला १५०० मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे, दहा एकरवाल्याला तो दाखला कोण देणार. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा साठीपासून ऐंशीपर्यंत २०० रुपये, कितीतरी वर्षं तेवढाच आहे, आणि तोही फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना. २०१९ ची किसान मानधन योजना, साठीनंतर महिन्याला ३०००, तिच्यात नाव घालायला वय ४० च्या आत आणि जमीन दोन हेक्टरच्या आत पाहिजे, काका तेव्हा बासष्टचे आणि जमीन चार हेक्टर. आयुष्मानचं वयोवृद्धांचं कार्ड सत्तरीला, अजून दोन वर्षं आहेत. राहिले पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, वर्षाला बारा, म्हणजे महिन्याला हजार. काकूंना लाडकी बहीणचे १५०० येतात, त्या पैशानं त्यांचा गुडघ्याचा पट्टा आणि बीपीच्या गोळ्या येतात, त्या पैशांबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला राग येतो. पण ती योजना ६५ पर्यंतच आहे. म्हणजे अजून दोन वर्षांनी, नेमकं हातपाय थकायच्या वयात, ते पैसे बंद होणार आणि श्रावणबाळची उत्पन्नाची अट समोर उभी राहणार. २०५० पर्यंत देशात दर पाच माणसांत एक साठीच्या वरचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यातल्या बहुतेकांना ना पगारी पेन्शन ना पीएफ. माझं स्पष्ट मत आहे की एकवीस हजारांची अट काढून टाकावी आणि साठीनंतर प्रत्येक शेतकरी-शेतमजुराला, नवरा-बायको दोघांना वेगवेगळं, पोट भरेल इतकं पेन्शन द्यावं. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न रास्त आहे, पण कमावते हात जास्त आहेत तोवरच तो बाजूला काढता येईल, नंतर नाही.

गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या आत आलाय. थोडी मुलं तालुक्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन घेऊन जाते, पण मुळात जन्मच कमी आहेत. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला येणारा निधी मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो, माणसं घटली की तोही घटणार, आणि म्हाताऱ्यांसाठी खर्च तर वाढणार. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे दिवसा वृद्धांचं केंद्र, फिजिओथेरपी, बीपी-शुगरची तपासणी होऊ शकते, गावातल्याच बायांना त्याचं प्रशिक्षण आणि पगार देता येईल. आशा ताईंचं काम लेकरांसाठी जसं उभं राहिलं तसं म्हाताऱ्यांसाठी उभं राहू शकतं, पण मानधनावर नाही, पगारावर.

वयानं पीकसुद्धा बदललंय. धाकट्यानं घरी ठेवलेल्या चार एकरांत कापूस टाकलाच नाही, सोयाबीन आणि तूर. सोयाबीन हार्वेस्टरनं निघतं, तणनाशक मारलं की निंदायला बाया लागत नाहीत. एकरी पैसा कमी येतो हे त्यालाही माहितीये. बैलजोडी चार वर्षांपूर्वीच विकली, गोठा रिकामा, शेणखत गेलं, जमीन कडक होत चाललीये. कापूस वेचायचं परवडणारं यंत्र आपल्या छोट्या वावरांत चालेल असं आलं, आणि त्यासाठी एकाच वेळी फुटणाऱ्या बोंडांचं वाण आलं, तर चित्र बदलेल, त्यावर संशोधनाचा पैसा ओतायची वेळ कालच होती.

सहा एकर ज्यानं मक्त्यानं घेतलेत तो शेजारच्या गावचा चाळिशीतला माणूस आहे, स्वतःची दोनच एकर, पण घरात बायको, भाऊ, भावजय असे चार हात आहेत. त्याच्यासारखी दोन-तीनच घरं पंचक्रोशीत उरलीत आणि सगळ्या म्हाताऱ्यांची वावरं हळूहळू त्यांच्याकडेच चाललीत. पण करार तोंडी. काकांना भीती की कागद केला तर कुळ लागेल, जमीन जाईल. त्यामुळे सातबारावर नाव काकांचं, पीककर्ज काकांनाच मिळणार, अतिवृष्टीची मदत आली तरी खात्यात काकांच्याच, आणि जो खरोखर कसतोय त्याला बँक उभी करत नाही, तो कृषी केंद्रातून उधारीवर बी-खत उचलतो, दिवाळीला व्याजासकट फेडतो. काका सरळ माणूस आहेत, गेल्या खरिपात नुकसानभरपाई आली ती त्यांनी मक्तेदाराला अर्धी देऊन टाकली, सगळे देत नाहीत. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याचं नाव एका हंगामापुरतं नोंदवायची सोपी सोय पटवाऱ्याकडे झाली, तर पीककर्ज त्याला मिळेल आणि काकांना भीती राहणार नाही. येत्या पाडव्याला उरलेले चार एकरही द्यायचे का यावर घरात बोलणं सुरू आहे, धाकटा हो म्हणतोय, काकू नाही म्हणतायत.